आधी परीक्षण, मग पिच्चर : खान्देशातल्या एका वाचनसुखाची पार्श्वभूमी

नव्या सिनेमाची परीक्षणं पहिले काही दिवस छापूच नयेत, दाखवूच नयेत, ही मागणी २०२३-२४ मध्ये दक्षिणेतल्या निर्माते-दिग्दर्शकांनी थेट न्यायालयात नेली. मराठीतही तिच्यावर बरंच बोललं गेलं. खान्देशातल्या जुन्या वाचकाला मात्र हा वाद उलट्या टोकाने कळतो. जळगाव, धुळे, नंदुरबार या पट्ट्यात कित्येक वर्षं परीक्षण आधी पोचायचं आणि सिनेमा मागून. कधी कधी तो यायचाच नाही. वाईट सिनेमाची कुणी मजेत, नेमक्या शब्दांत सालं काढली की ते वाचण्याची इथल्या लोकांना जी गोडी लागली, तिचं मूळ मी या उशिरात धरतो.

त्याआधीचं थोडक्यात. ३ मे १९१३ ला गिरगावात फाळक्यांचा ‘राजा हरिश्चंद्र’ लागला, तेव्हा नाटकांवर झणझणीत लिहिण्याची सवय मराठी पत्रांना होतीच. १९२५ मध्ये ‘झेंडूची फुले’ हा आचार्य अत्र्यांचा कवितांच्या विडंबनाचा संग्रह आला आणि मोठमोठ्या कवींच्या लकबी हसत हसत उघड्या करता येतात, हे महाराष्ट्राने पाहिलं. १९३५ मध्ये मुंबईत ‘फिल्मइंडिया’ हे इंग्रजी सिनेमासिक सुरू झालं. त्याच्या संपादकाने चित्रपटांवर असे काही कोरडे ओढले की लोक सिनेमापेक्षा त्याच्या अंकाची वाट पाहू लागले. ते मासिक खान्देशात फार थोड्यांच्या हाती पडलं असेल, पण त्याचा सूर मराठी साप्ताहिकांत उतरला आणि ती साप्ताहिकं इथे आली. नाशिकहून निघणारं एक सिनेसाप्ताहिक तर केशकर्तनालयापासून एसटी स्टँडवरच्या स्टॉलपर्यंत सगळीकडे दिसायचं. १९२५ चा तो विडंबनकार पुढे मोठा संपादक झाला आणि १९५२ मध्ये असोद्याच्या बहिणाबाईंच्या गाण्यांना त्यानेच प्रस्तावना लिहिली, हे इथे मुद्दाम सांगावंसं वाटतं. ज्याला खऱ्या सोन्याची इतकी पारख होती, त्याने कशाला पितळ म्हटलं तर खान्देश ते ऐकून घेत असे. टीकाकाराचं कौतुक आधी पटलेलं असलं की त्याची खिल्लीही पटते.

मला नीट ठाऊक असलेला काळ म्हणजे १९८० ते २००० ही दोन दशकं. मुंबईची वर्तमानपत्रं डाक आवृत्ती होऊन, म्हणजे बाहेरगावांसाठी आधी छापून, रेल्वेने यायची. चाळीसगाव, पाचोरा, जळगाव, भुसावळ ही मुख्य मार्गावरची गावं, त्यांना अंक लवकर मिळे. चाळीसगावहून फुटणाऱ्या फाट्यावरचं धुळे आणि सुरत मार्गावरची अमळनेर, दोंडाईचा, नंदुरबार यांना थोडा उशीर. पण वर्तमानपत्राचा उशीर तासांचा होता, सिनेमाचा आठवड्यांचा, कधी महिन्यांचा. एका चित्रपटाच्या प्रिंट मोजक्याच निघत, कारण प्रिंट महाग. त्या आधी मोठ्या शहरांत फिरत आणि तिथला धंदा ओसरला की पेट्या लहान गावांकडे निघत. भुसावळ हे तर सिनेमाच्या वितरणाचंच ठाणं. अमरावतीसारखीच इथेही सीपी-बेरार सर्किटच्या, म्हणजे मध्य प्रांत-वऱ्हाड या वितरण विभागाच्या, वितरकांची कार्यालयं होती, आणि तरीही भुसावळच्या प्रेक्षकाला मुंबईच्या शुक्रवारचा सिनेमा त्याच शुक्रवारी मिळेलच अशी खात्री नसे. तालुक्याच्या टॉकीजमध्ये किंवा यात्रेतल्या तंबूत तो येईपर्यंत पडद्यावर ओरखड्यांचा पाऊस पडायचा.

अशा ठिकाणी परीक्षण वाचणारा माणूस तिकीट काढावं की नाही हे ठरवण्यासाठी वाचत नव्हता. तिकीट काढायला समोर सिनेमाच नव्हता. तो परीक्षण वाचत होता ते लेखन म्हणून. वाचनालयातल्या लांब टेबलावर पुरवणीचं ते पान हातोहात फिरे, कुणीतरी एखादं वाक्य मोठ्याने वाचून दाखवी आणि न पाहिलेल्या सिनेमावर चार माणसं पोट धरून हसत. पुढे तोच सिनेमा गावात लागला की ही माणसं पहिल्या रांगांत हजर. लिहिणाऱ्याने सांगितलेला प्रसंग खरंच तसा आहे का, हे त्यांना तपासायचं असे. इंटरव्हलला बाहेर उभ्या असलेल्याने ‘पिच्चर कसा शे?’ विचारलं तर उत्तर कित्येकदा परीक्षणातल्याच वाक्याचं अहिराणी रूप असायचं. नुसतं ‘पिच्चरमा काही दम नही’ म्हणून कुणी थांबत नसे. दम कुठे गेला, तेही सांगावं लागे.

चांगल्या खिल्लीचं तंत्र बारकाईने पाहण्यासारखं आहे. तिच्यात शिवी नसते, विशेषणंही फार नसतात. कसबी परीक्षक बहुतेक वेळा फक्त गोष्ट सांगतो, सरळ आणि क्रमाने, काहीही न वगळता. नायकाच्या आईची दृष्टी जाते, देवळातल्या घंटेने परत येते, मधल्या काळात मोठा मुलगा इन्स्पेक्टर होतो आणि धाकट्याला ओळखत नाही. दिग्दर्शकाने पार्श्वसंगीताने झाकलेले सांधे असे उघडे पडतात. वाचकाला हसू येतं ते या अचूकपणामुळे. नुसत्या मत्सराने लिहिलेलं वाचताना असं हसू येत नाही, कारण त्यात सिनेमा कमी आणि लिहिणारा जास्त दिसतो. दुसरी गोष्ट, असा परीक्षक संपूर्ण सिनेमा शेवटपर्यंत पाहतो. वाईट सिनेमाकडे इतकं लक्ष देणं हा त्या माध्यमाचा मान आहे, असं मी मानतो.

यातूनच वाईट सिनेमाला दुसरा जन्मही मिळतो. १९९८ चा ‘गुंडा’ त्याचं ठळक उदाहरण. त्याच्यावर इंटरनेटवर लिहिलं गेलेलं चवीने वाचलं गेलं आणि तो इंजिनिअरिंगच्या होस्टेलांत पाठ झाला, खान्देशातून शिकायला गेलेल्या मुलांच्या खोल्यांतही. अमेरिकेत १९८१ पासून वर्षातल्या वाईट चित्रपटांना पुरस्कार दिले जातात. आपल्याकडे दिल्लीत २००९ पासून त्याच धर्तीवर सोनेरी केळं द्यायला सुरुवात झाली. जळगाव या केळीच्या जिल्ह्याला त्याची गंमत वाटली, पण पुरस्कारात लिखाणाची मजा येत नाही. नाव घोषित होतं आणि संपतं, का ते कुणी उलगडून सांगत नाही. शेजारच्या मालेगावात २००० पासून गाजलेल्या चित्रपटांच्या ज्या विडंबन-आवृत्त्या निघाल्या, त्या धुळे-जळगावकडेही आवडीने पाहिल्या गेल्या. त्यांना इथे धरू नये, कारण ते आवडत्या सिनेमावरचं प्रेम होतं, टीका नव्हे.

२००५ नंतर उपग्रहावरून डिजिटल प्रक्षेपण सुरू झालं आणि पेट्यांची वाट पाहणं हळूहळू संपलं. शिरपूर, चोपड्यालाही नवा सिनेमा मुंबईच्याच शुक्रवारी मिळू लागला. परीक्षण आणि सिनेमा एका दिवशी आले, मग मोबाइल आला आणि परीक्षण इंटरव्हललाच होऊ लागलं. आताचा वाद इथून सुरू होतो.

ऑक्टोबर २०२३ मध्ये केरळच्या उच्च न्यायालयात एका दिग्दर्शकाने प्रदर्शनानंतर सात दिवस परीक्षणं थांबवण्याची मागणी केली. पैसे उकळण्यासाठी मुद्दाम वाईट बोलणाऱ्यांचा प्रश्न त्यात होता आणि तो खरा आहे. पैसे दिले नाहीत तर सिनेमा पाडू, असं म्हणणं ही खंडणी झाली. पण मार्च २०२४ मध्ये न्यायालयाच्या मदतीसाठी नेमलेल्या वकिलांचा जो अहवाल आला, तो खंडणीपाशी थांबला नाही. पहिले ४८ तास परीक्षण नको, भाषा आदराची हवी, सिनेमाची चिरफाड करण्याऐवजी विधायक सूचना कराव्यात, अशा शिफारशी त्यात आल्या. डिसेंबर २०२४ मध्ये तमिळ निर्मात्यांच्या एका संघटनेने मद्रास उच्च न्यायालयात पहिल्या तीन दिवसांची बंदी मागितली. न्यायालयाने मतस्वातंत्र्याकडे बोट दाखवून अंतरिम बंदी नाकारली.

माझ्या दृष्टीने यातली सर्वांत गंभीर शिफारस ४८ तासांची नाही, विधायक सूचनांची आहे. प्रेक्षकाने पैसे मोजून पाहिलेल्या सिनेमाबद्दल त्याने दिग्दर्शकाला शिकवणी का द्यावी? १८६० च्या दंडसंहितेला हे अधिक स्पष्ट कळलं होतं. कलम ४९९ च्या सहाव्या अपवादानुसार, जी कृती तिच्या कर्त्याने लोकांच्या निवाड्यासाठी पुढे ठेवली आहे, तिच्या गुणांवर सद्भावनेने दिलेलं मत ही बदनामी नव्हे. तिथली उदाहरणं वाचण्यासारखी आहेत. रंगमंचावर येणारा नट किंवा गायक आपला अभिनय, आपलं गाणं लोकांच्या निवाड्यावर सोपवतो, असं एक. एखाद्याचं पुस्तक मूर्खपणाचं आहे, त्यावरून लेखक दुबळ्या बुद्धीचा असावा, असं म्हटलं तरी चालतं, कारण ते मत पुस्तकातून निघालं आहे. पण तो माणूसच दुबळा आणि बदफैली आहे म्हणून पुस्तक असं निघालं याचं मला नवल वाटत नाही, असं म्हटलं की संरक्षण संपतं. कृतीकडून माणसाकडे जायला परवानगी आहे, माणसाकडून कृतीकडे यायला नाही. १ जुलै २०२४ पासून लागू झालेल्या भारतीय न्याय संहितेच्या कलम ३५६ मध्येही हा अपवाद कायम आहे. आदराच्या भाषेची अट तेव्हाही नव्हती, आताही नाही. डाक आवृत्तीतल्या त्या जुन्या परीक्षकांची उत्तम वाक्यं या कसोटीला उतरतात, आणि आजच्या मोबाइलवरची बरीच आरडाओरड तिला उतरणार नाही, हेही मान्य केलं पाहिजे. नटीच्या वजनावर बोलणं ही सिनेमाची टीका नव्हे.

लवकर आलेल्या परीक्षणाने सिनेमा मरतो, हा निर्मात्यांचा मुख्य युक्तिवाद. खान्देशात परीक्षण कित्येक आठवडे आधी येत होतं आणि झोडपलेल्या मारधाडपटांसाठी टॉकीजबाहेर रांगा लागतच होत्या. ज्यांचा सिनेमा पडला, त्यांना कारणं तिकिटाच्या दरात, मल्टिप्लेक्सच्या वेळांत, घरबसल्या चार-आठ आठवड्यांत मिळणाऱ्या सिनेमात शोधावी लागतील. आणि प्रदर्शनाच्या आदल्या रात्रीपासून पैसे देऊन पसरवली जाणारी स्तुती ४८ तास रोखावी, अशी याचिका यांपैकी कुणीही केलेली नाही.