पावणेतीन लिटर पेट्रोलएवढी बॅटरी

2022 साली टियागो ईव्ही 8.49 लाखांपासून बाजारात आली आणि विजेवरची गाडी मध्यमवर्गाच्या गप्पांत शिरली. तिच्या मोठ्या बॅटरीत 24 युनिट वीज मावते. एका लिटर पेट्रोलमध्ये साधारण 9 युनिट ऊर्जा असते, म्हणजे ही अख्खी बॅटरी जेमतेम पावणेतीन लिटर पेट्रोलएवढी! तरी युनिटमागे 8 किलोमीटर धरले, तर ती 190 किलोमीटर जाते. पेट्रोलच्या इंजिनात बहुतेक ऊर्जा उष्णता होऊन वाया जाते, मोटरमध्ये फार थोडी. शिवाय सिग्नलला वेग कमी करताना तीच मोटर जनित्र होऊन थोडी वीज परत भरते. मला या गाडीचं सगळ्यात मोठं कौतुक इथेच वाटतं.

आता पैशांचं बघू. महिन्याला 1000 किलोमीटर फिरणं असेल, तर लिटरला 16 किलोमीटर देणारी गाडी 104 रुपये दराने 6,500 रुपयांचं पेट्रोल पिते. विजेच्या गाडीला, चार्जिंगमधली गळती धरून, 140 युनिट लागतील. दहा रुपये दराने 1,400 रुपये. दरमहा 5,100 वाचले, तर किमतीतला तीन लाखांचा फरक पाच वर्षांत भरून निघतो. पण फिरणं 400 किलोमीटरच असेल, तर त्याला बारा वर्षं लागतात, आणि बॅटरीची वॉरंटी आठच वर्षांची. अशा घराने पेट्रोलचीच गाडी घ्यावी, असं मी स्पष्ट सांगेन. दहाचा दरही तपासून घ्या, कारण घरगुती बिलात युनिट वाढले की वरचा टप्पा लागतो.

घाटाची भीती मात्र उगाच आहे. चार माणसांसह 1400 किलोची गाडी खोपोलीहून लोणावळ्याला, म्हणजे साडेपाचशे मीटर वर न्यायला नेहमीपेक्षा सुमारे अडीच युनिट जास्त लागतात. बॅटरीचा दहावा हिस्सा. उतरताना त्यातलं बरंच परत मिळतं.

खरी अडचण पार्किंगची. 15 अँपिअरच्या साध्या प्लगवर तासाला सव्वातीन युनिट भरतात, म्हणजे रात्रभरात काम होतं. हा प्लग नसेल आणि बाहेर युनिटला 20 रुपये मोजावे लागले, तर बचत 3,700 वर येते. 2024 च्या नियमदुरुस्तीने चार्जिंगसाठी वेगळी वीजजोडणी मागता येते. तेव्हा बुकिंगआधी सोसायटीच्या सेक्रेटरींना भेटा आणि मीटरपासून तुमच्या जागेपर्यंत किती मीटर केबल लागेल, ते वायरमनकडून मोजून घ्या.