अणुभट्टी निर्यात आणि कारखानी रोजगार

एखाद्या देशातील कंपनीला परदेशात अणुभट्टी उभारण्याचे कंत्राट मिळाले, की मायदेशातील कारखान्यांत किती हातांना आणि किती काळ काम मिळते, हा या नोंदीचा विषय आहे. करारावर सह्या होताना हजारो नोकऱ्यांचे आकडे सांगितले जातात. त्यांत बांधकामावरचे मजूर, कारखान्यातले कारागीर आणि पुढे प्रकल्प चालवणारे कर्मचारी बहुधा एकत्र मोजलेले असतात. बांधकामावरची माणसे भट्टी जिथे उभी राहते तिथेच लागतात. निर्यातदार देशाकडे प्रामुख्याने येतात ती अवजड घडीव पोलादाची कामे, दाबपात्र (अणुइंधन सामावणारे जाड पोलादी भांडे), बाष्पजनित्र (भट्टीच्या उष्णतेने वाफ तयार करणारे उपकरण), पंप, टर्बाइन आणि आराखडे.

याचे सर्वांत बोलके उदाहरण दक्षिण कोरियाचे. डिसेंबर २००९ मध्ये कोरियन समूहाने संयुक्त अरब अमिरातीतील बराका येथे एपीआर-१४०० या कोरियन आराखड्याच्या चार भट्ट्यांचे सुमारे २,००० कोटी डॉलरचे कंत्राट मिळवले. मुख्य उपकरणांचे काम चांगवॉन शहरातील दूसान कंपनीच्या कारखान्याकडे गेले. या भट्टीची वंशावळ अमेरिकन आहे. त्यामुळे काही भाग वेस्टिंगहाउस या अमेरिकन कंपनीकडून आले आणि अमेरिकेच्या निर्यात-आयात बँकेने २०१२ मध्ये २०० कोटी डॉलरचे कर्ज देताना आपल्याकडील सुमारे ५,००० नोकऱ्यांना आधार मिळेल असे सांगितले. उलट अमेरिकेतल्याच जॉर्जिया राज्यातील व्होग्टल प्रकल्पाची नवी दाबपात्रे चांगवॉनमध्ये घडली. भट्टीवर नाव कोणत्या देशाचे आहे यापेक्षा पोलाद कुठे घडते, हे रोजगाराच्या हिशेबात जास्त महत्त्वाचे.

हा रोजगार सलग नसतो. बराकाची चौथी भट्टी २०२४ मध्ये व्यावसायिक रीतीने सुरू झाली, पण तिचे दाबपात्र कितीतरी वर्षे आधीच चांगवॉनहून रवाना झाले होते. मधल्या काळात, २०१७ मध्ये, कोरियन सरकारने देशातील नव्या भट्ट्यांच्या योजना थांबवल्या. कोळशावरील वीजकेंद्रांचा धंदाही मंदावत होता. २०२० मध्ये दूसानला सरकारी बँकांची मदत घ्यावी लागली आणि अनेक कामगारांना मुदतपूर्व निवृत्ती. परदेशातल्या एका मोठ्या कंत्राटाने घरची ही पोकळी भरून निघाली नाही.

पोकळी इतकी महाग का पडते, हे दाबपात्राजवळ उभे राहिले की कळते. जाड पोलादी कडी एकमेकींना जोडताना धातू शंभर अंशांहून अधिक तापवून ठेवावा लागतो. वेल्डर त्या धगीशेजारी थरावर थर चढवत जातो, आणि नंतर सांध्याची ध्वनिलहरींनी तपासणी होते. अमेरिकेतील यांत्रिकी अभियंत्यांच्या संस्थेच्या (एएसएमई) संहितेनुसार वेल्डरने एखाद्या पद्धतीने सहा महिने वेल्डिंग केले नाही, तर त्या पद्धतीतली त्याची पात्रता संपते आणि परीक्षा पुन्हा द्यावी लागते. दोन ऑर्डरींमध्ये पाच वर्षे गेली तर तो माणूस जहाजबांधणीत किंवा तेलशुद्धीकरणात गेलेला असतो. नव्या पोराला त्या हाताचे वळण कागदावरून शिकवता येत नाही.

रशियातील व्होल्गोदोन्स्कचा आतोममाश कारखाना वर्षाला आठ भट्ट्या घडवण्याच्या हिशेबाने उभा राहिला होता. चेर्नोबिलनंतर कामे आटली. तो पुन्हा दाबपात्रे घडवू लागला तो बेलारूसच्या ओस्त्रोवेत्स प्रकल्पामुळे. पुढे तुर्कस्तानातील अक्कुयू आणि बांगलादेशातील रूपपूरची कामे आली. इथे मात्र परदेशी ऑर्डरींनीच भट्टीचे काम जिवंत केले, कारण त्या एकामागून एक येत राहिल्या.

ग्राहक देशही आता आपला वाटा मागतो. चेकियातील दुकोव्हानीचे कंत्राट २०२५ मध्ये कोरियाला मिळाले, परंतु टर्बाइनचे काम प्लझेनमधील श्कोडा पॉवर या टर्बाइन कंपनीकडे ठेवले आहे. ही कंपनी दूसानच्याच मालकीची असली तरी कामगार चेक आहेत.

महाराष्ट्राला हा प्रश्न जैतापूरमुळे परिचित आहे. रत्नागिरी जिल्ह्यातील या नियोजित सहा ईपीआर (फ्रेंच आराखड्याच्या) भट्ट्यांसाठी फ्रान्सच्या ईडीएफ या वीज कंपनीने २०२१ मध्ये दिलेल्या प्रस्तावात आराखडे व उपकरणे फ्रेंच बाजूकडे, तर बांधणी भारताच्या अणुऊर्जा महामंडळाकडे आहे. याउलट मे २०१७ मध्ये केंद्राने मंजूर केलेल्या दहा देशी जड पाण्याच्या भट्ट्यांबाबत सुमारे ७०,००० कोटी रुपयांची कामे देशी उद्योगाला आणि ३३,४०० हून अधिक रोजगार, असा सरकारचा अंदाज होता. अशा भट्ट्यांचे कॅलेंड्रियासारखे (जड पाणी आणि इंधनाच्या नळ्या सामावणारे मोठे भांडे) अवजड भाग इंदापूर तालुक्यातील वालचंदनगरच्या कारखान्यातही तयार झाले आहेत.