दैवतकथांचा ललित वापर (खानदेश)

एका समाजाच्या श्रद्धेतील कथा दुसऱ्या समाजातील लेखकाने कथा, कादंबरी वा नाटकासाठी घेणे आणि ती घेताना पाळावयाची पथ्ये. जळगाव, धुळे व नंदुरबार जिल्ह्यांत भिल्ल, पावरा, मावची, कोकणा हे समाज आणि अहिराणीभाषक शेतकरी शेजारी राहतात. त्यामुळे कथा मुळात कोणाची, येथूनच वाद सुरू होतो.

अस्तंबा हे त्याचे ठळक उदाहरण. अक्राणी (धडगाव) तालुक्यातील या शिखरावर दिवाळीच्या सुमारास यात्रा भरते. तळोद्याकडून चढणाऱ्यांत आदिवासी तरुण मोठ्या संख्येने असतात. येथील देव म्हणजे अश्वत्थामा आणि तो कपाळाच्या जखमेसाठी तेल मागत सातपुड्यात फिरतो, अशी समजूत आहे. महाभारताच्या सौप्तिकपर्वात मणी गमावणे आणि ३,००० वर्षे एकाकी भटकण्याचा शाप येतो. तेलाची याचना येत नाही, सातपुडाही नाही. काहींच्या मते महाकाव्यातील कथाच मौखिक मार्गाने डोंगरात रुजली. इतरांच्या मते जुन्या डोंगरदेवाला पुढे हे नाव मिळाले. डोंगऱ्यादेवाची उपासना या पट्ट्यात स्वतंत्रपणे चालत असल्याने दुसरे मत अधिक ग्राह्य वाटते, मात्र त्यावरून कालनिश्चिती होत नाही. मध्य प्रदेशात बऱ्हाणपूरजवळ असलेल्या असीरगडावरही अश्वत्थामा येतो, पण तेथे तो शिवपिंडीवर फूल वाहणारा भक्त आहे. ही दोन रूपे एकाच पात्रात कालवली की दोन्ही ठिकाणची श्रद्धा पुसट होते. ललित लेखनात हे सर्रास घडते.

भिल्लांचे महाभारत म्हणून भगवानदास पटेल यांनी संकलित केलेल्या ‘भारथा’चा आधार घेतला जातो. तो पाठ उत्तर गुजरातेतील डुंगरी भिल्लांचा आहे. नंदुरबारच्या पात्राच्या तोंडी तो जसाच्या तसा घालणे योग्य नव्हे.

याहामोगी (देवमोगरा माता) ही अन्नधान्याची देवता. तिचे मुख्य स्थान गुजरातेत सागबाऱ्याजवळ असून महाशिवरात्रीच्या यात्रेला खानदेशातूनही भाविक जातात. तिला पार्वतीचा अवतार ठरवून कथानक रचण्यास आक्षेप घेता येतो.

कानबाई ही खानदेशातील देवी श्रावणात नागपंचमीनंतरच्या रविवारी बसते. नारळाला डोळे व नथ लावून तिची स्थापना होते आणि सोमवारी विसर्जन. तिची गाणी सर्वांसमोर गायिली जातात. रोट (तिचा प्रसाद) मात्र अनेक कुळांत भाऊबंदांपुरताच असतो. परक्या पात्राला तो खाऊ घालणारा प्रसंग लिहिण्यापूर्वी त्या कुळाची रीत विचारून घ्यावी.