चढावरचा डेड स्पॉट आणि लंबगोल चेनरिंग

सुट्या खडीचा उभा चढ, सगळ्यात हलका गिअर, पाय जेमतेम फिरताहेत. एका पायाचा जोर संपलेला, दुसऱ्याचा अजून लागायचा आहे, आणि तेवढ्यात सायकल अडखळते. पुढच्या दाबाला मागचं चाक जागीच घसरतं आणि पाय जमिनीवर टेकवावा लागतो. माउंटन बाइक चालवणाऱ्या प्रत्येकाने हे अनुभवलेलं असतं. लंबगोल चेनरिंग (पेडलजवळचं, साखळी ओढणारं दातेरी चाक) घ्यावी की नाही, याचं उत्तर मी याच क्षणात शोधतो.

क्रँक, म्हणजे पेडल ज्याला लावलेलं असतं तो दांडा, आडवा असताना पायाचा दाब पूर्णपणे फिरवण्याच्या कामी येतो. क्रँक उभा झाला की तोच दाब आसाकडे जातो आणि जवळजवळ वाया जातो. हाच डेड स्पॉट, एका फेरीत दोनदा येणारा. लंबगोल चेनरिंगची मोठी त्रिज्या जोराच्या टप्प्यात कामाला येते, लहान त्रिज्या डेड स्पॉटमध्ये. त्यामुळे 32 दात्यांची रिंग जोराच्या वेळी साधारण 34 दात्यांच्या गोल रिंगसारखी वागते, डेड स्पॉटमध्ये 30 दात्यांच्या. पूर्ण फेरीत साखळी मात्र 32 दात्यांएवढीच सरकते. सरासरी गिअर तोच राहतो आणि जास्तीची ताकद कुठूनही येत नाही.

मग फायदा कसला? थोडा हिशेब करू. स्वार आणि सायकल मिळून 80 किलो धरा. सपाट रस्त्यावर ताशी 36 किलोमीटर वेगाला त्यांची गतिज ऊर्जा 4000 ज्यूल असते. पायाच्या एका दाबातून मिळणारे शंभरेक ज्यूल त्यापुढे किरकोळ, म्हणून डेड स्पॉट जाणवतही नाही. आता चढावर या. वेग ताशी 6 किलोमीटर, म्हणजे गतिज ऊर्जा फक्त 111 ज्यूल. 200 वॅटने, मिनिटाला 60 फेऱ्या मारत चढत असाल, तर पायाचा एक दाब 100 ज्यूल देतो. साठवलेली सगळी गती एका दाबाएवढीच! अशा चढावर जोर सेकंदाचा दहावा भाग जरी थांबला, तरी वेग 9 टक्क्यांच्या आसपास घटतो. लंबगोल रिंगमुळे पाय हा टप्पा लवकर ओलांडतो.

घसरण्याचंही असंच आहे. टायरची पकड सुटते ती जोराच्या शिखरावर. त्या क्षणी रिंगची त्रिज्या मोठी असेल, तर पायाच्या तेवढ्याच दाबाला साखळीवरचा ताण कमी राहतो, शिखर थोडं बसतं. मला हा सगळ्यात मोलाचा फायदा वाटतो.

दमछाक कमी होईल, ही आशा मात्र धरू नये. प्रयोगशाळेतल्या चाचण्यांत ऑक्सिजनच्या वापरात ठळक फरक सहसा दिसत नाही. पॉवर मीटरवरचा (पायांची ताकद वॅटमध्ये मोजणारं उपकरण) वाढलेला आकडाही फसवा असू शकतो. क्रँकवरचे काही मीटर फेरीभर क्रँकचा वेग सारखा धरतात. लंबगोल रिंगवर तो बदलतो आणि आकडा काही टक्के फुगतो. 2012 ची टूर द फ्रान्स ही सायकल शर्यत ब्रॅडली विगिन्सने गोल नसलेल्या रिंगवर जिंकली हे खरं, पण डांबरी रस्त्यावरच्या त्या विजयावरून खडीच्या चढाबद्दल काही ठरत नाही.

तुमचं दुखणं गिअर जड असण्याचं असेल, तर आधी साधी 30 दात्यांची गोल रिंग लावा. 32 वरून 30 वर आलात की फेरीभर सुमारे 6 टक्के कमी जोर लागतो. गिअर पुरेसा हलका असूनही सायकल अडखळत किंवा घसरत असेल, तर लंबगोल रिंग जरूर लावून पाहा. पाय सरावायला काही फेरफटके लागतील. पुढे एकच चेनरिंग असेल तर बसवणं सोपं. दोन-तीन असतील तर पुढचा डिरेलर (साखळी एका रिंगवरून दुसरीवर ढकलणारा भाग) त्रास देऊ शकतो.

रिंग बसवताना कंपनीने केलेली खूण नीट पाहा. 1983 मध्ये शिमानो कंपनीने आणलेल्या बायोपेस या गोल नसलेल्या रिंगमध्ये मांडणी जवळजवळ उलटी होती: लहान त्रिज्या जोराच्या टप्प्यात, मोठी डेड स्पॉटजवळ. चार बोल्टची आजची लंबगोल रिंग एक बोल्ट सरकवून लावली, तर ती 90 अंशांनी फिरते आणि डेड स्पॉट नेमका जड होऊन बसतो.