दह्यातला जंतू नि अंगातला जंतू

मेडिकलच्या दुकानात बायकांसाठीच्या प्रोबायोटिक (उपयोगी जंतूंच्या) गोळ्यांची डबी उलटी करून पाहिली, तर बारीक अक्षरांत पुष्कळदा एका जंतूचं नाव सापडतं: लॅक्टोबॅसिलस अ‍ॅसिडोफिलस. हे नाव तिथवर आलं त्याला एक जुनी चूक कारणीभूत आहे.

१८९२ साली जर्मनीतले प्रसूतितज्ज्ञ आल्बर्ट डोडरलाइन बाळंतज्वराचं मूळ शोधत होते. त्यासाठी ते योनिस्राव सूक्ष्मदर्शकाखाली तपासत. निरोगी बाईच्या स्रावात त्यांना लांबट, काडीसारखे जंतू दिसले. हे जंतू दह्यात असतं तेच आम्ल, लॅक्टिक अ‍ॅसिड, तयार करत आणि त्यांच्या शेजारी पू करणारे स्टॅफिलोकॉकस जंतू वाढेनात. रॉबर्ट कॉख या जर्मन शास्त्रज्ञानं क्षयाचा जंतू दाखवून जेमतेम दहा वर्षं झाली होती. जंतू म्हणजे रोग असं समीकरण रुजत असताना, हे जंतू असलेले बरे, असं म्हणणं धाडसाचंच होतं.

पुढे विसाव्या शतकाच्या सुरुवातीला पॅरिसमध्ये शास्त्रज्ञ मेचनिकॉफ बल्गेरियातल्या आंबट दुधाचे आणि दीर्घायुष्याचे गोडवे गात होते. ती सगळी चर्चा आतड्यांची. पण १९२८ मध्ये स्टॅन्ली थॉमस यांनी डोडरलाइनचा जंतू म्हणजे अ‍ॅसिडोफिलसच, असं जाहीर केलं. त्या काळच्या चाचण्यांत दोघं सारखेच दिसत. मग पोटातला, दुधातला आणि योनीतला जंतू एकच, असं गृहीत धरलं गेलं. त्यातूनच ‘दही खा’ या सल्ल्याला शास्त्राचा आधार मिळाल्यासारखं झालं.

दुसरा धागा अमेरिकेतला. १९५५ मध्ये गार्डनर आणि ड्यूक्स यांनी दुर्गंधीयुक्त स्राव जाणाऱ्या बायकांच्या पेशी तपासल्या. कडेपर्यंत रवा भुरभुरावा तशा त्या जंतूंनी भरलेल्या होत्या. त्यांनी तो जंतू शुद्ध स्वरूपात वाढवून १३ निरोगी बायकांच्या योनीत सोडला. आजार झाला एकीलाच. आजारी बाईचा स्राव मात्र १५ जणींना दिला, तेव्हा ११ आजारी पडल्या. (आज असा प्रयोग कोणी करू देणार नाही, आणि ते योग्यच.) या आकड्यांचा खरा अर्थ पुढे कळला: दोष एकट्या जंतूचा नाही, अख्खी वस्तीच बिघडलेली असते.

आपल्याकडे या तक्रारीला धुपणी, अंगावरून पांढरं जाणं अशी नावं आहेत आणि ती बोलली जातात हलक्या आवाजात. गडचिरोलीत राणी बंग आणि सहकाऱ्यांनी दोन गावांतल्या ६५० बायका तपासल्या. १९८९ मध्ये ‘लॅन्सेट’मध्ये आलेल्या त्या अभ्यासात ९२ टक्के बायकांना काही ना काही स्त्रीरोग होता आणि त्याआधी तपासणी झालेली होती फक्त ८ टक्क्यांची.

उन्हाळी लागण्याचा, म्हणजे लघवीच्या जळजळीचा, या जंतूंशी संबंध कॅनडात जुळला. शौचमार्गातला ई. कोलाय आधी योनीच्या तोंडाशी ठाण मांडतो आणि तिथून मूत्रमार्गात चढतो. अँड्र्यू ब्रूस यांनी १९७३ मध्ये नोंदवलं, की ज्यांना हा त्रास होत नाही त्यांच्या त्या भागात लॅक्टोबॅसिलस असतात. पुढे त्यांनी आणि ग्रेगर रीड यांनी निरोगी बायकांकडूनच जंतू मिळवून वाढवले. १९९३ चा इस्रायलमधला प्रयोग तर आणखी बोलका. पाळी गेलेल्या, वारंवार संसर्ग होणाऱ्या बायकांना जंतू न देता नुसतं इस्ट्रोजेनचं क्रीम दिलं. लॅक्टोबॅसिलस आपोआप परतले, आम्लता वाढली आणि वर्षाकाठी संसर्ग सरासरी ०.५ वर आले. साधं क्रीम मिळालेल्यांत ते ५.९ होते. इस्ट्रोजेनमुळे पेशींत ग्लायकोजेन साठतं. जंतूंचं अन्न तेच.

दह्याचीही परीक्षा झाली. १९९२ च्या एका अमेरिकन प्रयोगात योनीतल्या बुरशीचा त्रास असणाऱ्या ३३ जणी होत्या. रोज वाटीभर दही खाताना त्रास कमी झाला खरा, पण आठ जणींनी सहा महिन्यांनी दही सोडायला साफ नकार दिला, आणखी काही गळाल्या आणि शेवटी हिशेबात उरल्या १३. एवढ्यावर काय सिद्ध होणार? २००४ मध्ये ऑस्ट्रेलियात अँटिबायोटिकनंतरच्या अशाच त्रासावर लॅक्टोबॅसिलस देऊन पाहिले, उपयोग दिसला नाही.

नावाची चूक १९८० पासून सुटत गेली. अ‍ॅसिडोफिलस म्हणून ओळखले जाणारे जंतू एक जात नव्हतेच. २०११ मध्ये जॅक रावेल यांच्या चमूनं ३९६ बायकांचे नमुने डीएनएवरून तपासले, तेव्हा योनीत प्रामुख्यानं क्रिस्पॅटस, इनर्स, गॅसेरी आणि जेन्सेनी ही लॅक्टोबॅसिलसच्याच वेगळ्या जातींची मंडळी निघाली. २०२० मध्ये अमेरिकेत, गार्डनर-ड्यूक्स यांनी पाहिलेल्या त्याच स्रावाच्या आजारावर औषधोपचार झाल्यानंतर, २२८ बायकांपैकी काहींच्या योनीत क्रिस्पॅटस सोडला, बाकीच्यांना बिनजंतूची पूड दिली. १२ आठवड्यांत आजार पुन्हा उलटला तो अनुक्रमे ३० आणि ४५ टक्के जणींत. २०२४ मध्ये प्रसिद्ध झालेल्या चंदीगडच्या १७४ जणींच्या चाचणीत वारंवार होणारे मूत्रसंसर्ग रोखण्यात, नुसत्या तोंडावाटे घेतलेल्या प्रोबायोटिकपेक्षा योनीत ठेवलेलं प्रोबायोटिक सरस ठरलं.