मानवी तस्करी : ‘मर्जीने गेली होती का?’ या प्रश्नाची पार्श्वभूमी

तस्करीतून सुटलेल्या बाईला हा प्रश्न हटकून विचारला जातो. त्याचं मूळ आंतरराष्ट्रीय करारांत आहे.

१९०४ चा पॅरिस करार ‘गोऱ्या गुलामां’पुरता, म्हणजे वेश्याव्यवसायासाठी नेल्या जाणाऱ्या गोऱ्या बायकांपुरता होता. रेल्वे स्थानकं आणि बंदरांवर बायकांना घेऊन जाणाऱ्यांवर पाळत ठेवा, माहिती कळवा, असा त्याचा मुख्य रोख होता. दलालाला शिक्षा करण्याचं बंधन नव्हतं. ते १९१० च्या करारात आलं आणि संमतीचा मुद्दाही तिथेच शिरला. वीस वर्षांखालच्या मुलीची संमती धरायची नाही. त्यावरच्या बाईला मात्र फसवणूक, धमकी किंवा बळजबरी झाली असेल तरच संरक्षण. कुंटणखान्यात डांबून ठेवणं हा ज्या त्या देशाचा अंतर्गत मामला ठरवून बाजूला ठेवलं गेलं. १९२१ मध्ये वंशाचा उल्लेख गेला, मुलगेही कक्षेत आले, वयाची अट २१ झाली. १९३३ मध्ये लंबक पार दुसऱ्या टोकाला गेला : परदेशी नेलेल्या सज्ञान बाईची संमतीही निरर्थक. १९४९ च्या करारानं सीमा ओलांडण्याची अट काढली, पण स्थानकांवरची पाळत कायम ठेवली. या सगळ्यात बाईला जपण्यापेक्षा तिच्या हिंडण्याफिरण्याला वेसण घालण्याचीच घाई जास्त दिसते. शिवाय भर सगळा वेश्याव्यवसायावर. शेतात, कारखान्यात किंवा घरकामाला जुंपलेल्या बायका या करारांत कुठेच नाहीत.

१९७९ च्या स्त्रियांविरुद्धच्या भेदभाव निर्मूलन करारानं सहाव्या कलमात हा विषय प्रथमच समान हक्कांच्या चौकटीत आणला. व्याख्या मात्र दिली नाही. ती आली २००० च्या पालेर्मो पूरक करारात (संयुक्त राष्ट्रांच्या संघटित गुन्हेगारीविरोधी कराराला जोडलेला), आणि आजचे बहुतेक कायदे तिच्यावरच बेतलेले आहेत. तिचे भाग तीन : कृती (भरती, ने-आण, आसरा देणं, ताब्यात घेणं), मार्ग (बळजबरी, फसवणूक, अगतिकतेचा गैरफायदा, त्या व्यक्तीवर ताबा असणाऱ्याला पैसे देणं) आणि हेतू (लैंगिक शोषण, वेठबिगारी, अवयव काढणं). सज्ञान व्यक्तीच्या बाबतीत तिन्ही सिद्ध व्हावे लागतात; १८ वर्षांखाली ‘मार्ग’ बघायचाच नाही. यांपैकी एखादा मार्ग वापरला असेल, तर संमती गैरलागू.

खटले अडतात ते बहुधा मार्गापाशीच. समजा, एखादी बाई स्वतः विमानात बसली, करारावर सही तिचीच. पोहोचल्यावर पासपोर्ट काढून घेतला, प्रवासखर्च उचल म्हणून नावावर मांडला, राहण्याजेवण्याचे पैसे त्यात रोज चढवले. मारहाण नाही, दाराला कुलूप नाही. अगतिकतेचा गैरफायदा म्हणतात तो हाच. पण तपासात सही तेवढी जपली जाते आणि हिशेबाची वही कोणी मागतच नाही.

पालेर्मोचा कणा गुन्हेगारीविरोधी. त्यामुळे दलालाला शिक्षा बंधनकारक, आणि पीडितेला निवारा, उपचार, राहण्याचा परवाना यांबाबत राज्यांनी फक्त ‘विचार करावा’. ही उणीव युरोप परिषदेच्या २००५ च्या करारानं बरीचशी भरली : सावरायला किमान ३० दिवस, त्या काळात हद्दपारी नाही, आणि साक्ष द्यायची तिची तयारी नसली तरी मदत थांबवायची नाही.