तात्यांच्या उशीवरचे चुरमुरे

संध्याकाळी खाल्लेलं भडंग सकाळी उशीवर सापडतंय असं तात्या म्हणाले तेव्हा घरात सगळे हसलो होतो. मग एक दिवस मीच बघितलं, खोळीवर दोन शेंगदाणे आणि मऊ पडलेले चुरमुरे, अगदी ओळखू येतील असे. शिळा वास होता पण आंबट नाही, आणि खरी गोम तिथंच होती, कारण पोटातनं वर आलं असतं तर आंबट, अर्धवट पचलेलं असतं, हे तर पोटात पोचलंच नव्हतं.

तोवर वर्षभर ॲसिडिटीच्या गोळ्या खाऊन झालेल्या. घास अडकायचा, तोंडाला वास यायचा, आडवं झालं की ठसका, पाणी पिलं की गळ्यात गुडगुड. शेवटी मिरजेला नेलं (सांगलीकडं अवघड काही झालं की मिरजच), तिथं बेरियमचं पांढरं पाणी पाजून ते गिळतानाच एक्सरे काढले. मानेपाशी लिंबाएवढी पिशवी पांढरीफट्ट भरलेली आणि तिच्या शेजारनं बारीक धार खाली चाललेली. याला म्हणतात झेंकर डायव्हर्टिक्युलम. झेंकर हे जर्मन पॅथॉलॉजिस्ट, १८७७ मध्ये त्यांनी यावर लिहिलं म्हणून नाव त्यांचं, खरं तर लडलो नावाच्या इंग्रज सर्जननं शंभर वर्षं आधीच हे लिहून ठेवलेलं.

आता ही पिशवी होते कशी? घशाच्या तळाशी, अन्ननलिकेच्या तोंडावर, एक गोल स्नायू असतो, क्रिकोफॅरिंजियस. एरवी तो आवळलेला, घास आला की सैल पडायचा. वय झालं की तो कडक होतो, पुरता सैल पडत नाही. उसाला पाणी पाजताना पुढचं दार वेळेत मोडलं नाही तर पाणी तुंबून बांध कच्चा असेल तिथं जोर काढतं ना, तसंच. या स्नायूच्या जरा वर, मागच्या बाजूला, एक कच्ची जागा आपल्या सगळ्यांनाच असते, तिथनं आतलं अस्तर हळूहळू बाहेर फुगतं. म्हणून हा त्रास बहुतेक साठी-सत्तरीनंतरचा, त्यातही पुरुषांना जास्त. नुसतं घास अडकण्यावर भागत नाही, साठलेलं अन्न झोपेत श्वासनलिकेत गेलं तर न्यूमोनिया होतो.

पूर्वी मान उघडून पिशवी कापून काढायचे, म्हाताऱ्या पेशंटला ते झेपणं अवघड. पण पिशवी हा परिणाम आहे हो, दोषी तो स्नायू. आणि पिशवी आणि अन्ननलिका यांच्यामधल्या भिंतीतच तो बसलेला असतो. ती भिंत तोंडातनं कापायची कल्पना १९१७ पासूनची, १९६० मध्ये स्वीडनच्या डोलमन यांनी विजेच्या चटक्यानं कापून ती रुळवली, नंतर स्टेपलर आला. पण त्याला ताठ नळी लागायची, म्हणजे मान पार मागं वाकवायची आणि म्हाताऱ्यांची मान वाकते कुठं! मग वाकणारी एंडोस्कोपी आली, आणि आता झेड-पोएम (पोएम म्हणजे तोंडातनं दुर्बीण घालून स्नायू कापणं, झेड झेंकरचा). जपानच्या इनोउए यांनी २००८ मध्ये अन्ननलिकेच्या दुसऱ्या एका आजारासाठी पोएम केलं होतं, त्याचंच हे भावंड. अस्तराला छोटी चीर देऊन त्याच्याखालनं बोगदा करत जायचं, स्नायू समोर दिसला की बारीक सुरीनं पूर्ण कापायचा आणि चीर क्लिपा लावून बंद करायची. बाहेर टाका एकसुद्धा नाही. धोका अजिबात नाही असं नाही, रक्तस्राव होऊ शकतो, भोक पडू शकतं, काहींना त्रास परत होतो, म्हणून हात बसलेला डॉक्टर बघावा.

तात्यांचं हेच झेड-पोएम केलं, दुसऱ्या दिवशी त्यांना पातळ पेज दिली. त्यांचा पहिला प्रश्न, "काढलेली पिशवी दावा की." डॉक्टर म्हणाले, पिशवी आहे तिथंच आहे, मधली भिंत तेवढी कापली, आता अन्न साठायच्या आधीच खाली उतरेल. तात्या जरा वेळ छताकडं बघत राहिले, मग माझ्याकडं वळून म्हणाले, "म्हंजे बांध फोडला, खड्डा तसाच ठेवला."

घरी आल्यावर महिनाभरानं भडंग मागितलं. दिलं, पण सकाळी उशी मी बघितलीच.